मांडवगड ओस का पडला? पाण्याची वाट धरून पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे: दिवाळीनंतर वडिलांना घेऊन दोन दिवस मांडवगडला जायचंय. एवढी मोठी राजधानी ओस कशी पडली, बाजबहादूर-रूपमतीच्या प्रेमकथेत खरं किती, तिथल्या इमारती हिंदू म्हणायच्या की इस्लामी, आणि त्या नेमक्या बघायच्या कशा? वडील बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले अभियंता, त्यामुळे ‘सुंदर आहे’ एवढ्यावर त्यांचं भागत नाही. गुडघे मात्र दुखतात.

वडिलांसारखा माणूस सोबत असेल तर तुम्हाला गाइडची गरज नाही. मी पंचवीसेक वर्षं चुना-दगडातल्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो. मांडवला आठ-दहा वेळा गेलो असेन, त्यातल्या निम्म्या फेऱ्या भर पावसात. लोक पावसात मांडवला ढग बघायला जातात, मी पन्हळी बघायला जातो. कोणत्या छतावरचं पाणी कुठून खाली येतं, कुठल्या टाक्यात पडतं आणि कुठे वाट चुकून भिंतीत शिरतं, हे एकदा दिसलं की मांडवच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं मिळतात. तुमच्या पहिल्या प्रश्नाचंही.

आधी जागा समजून घ्या. मांडव, हिंदीत मांडू, म्हणजे मध्य प्रदेशात धारजवळ विंध्याच्या कडेला सुटलेलं एक पठार. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर. उत्तरेला काकडा खोह नावाची खोल दरी त्याला माळव्याच्या पठारापासून तोडते, आणि दक्षिणेला कडा एकदम निमाडात उतरतो. हवा स्वच्छ असेल तर तिथून नर्मदेची रेघ दिसते. पठाराच्या कडेकडेने गेलेल्या तटाचा घेर ३५-४० किलोमीटर भरतो. आपल्याकडच्या गिरिदुर्गांशी तुलना करायला जाऊ नका, फसगत होते. हा डोंगरावर चढवलेला किल्ला नाही, तटाच्या आत वसवलेलं शहर आहे. आत शेतं आहेत, गाव आहे, तलाव आहेत.

नदी मात्र नाही. खाली नर्मदा दिसते, पण ती काही वर येत नाही. वर जे पाणी आहे ते सगळं पावसाचं. चार महिन्यांत पडलेलं पाणी आठ महिने पुरवायचं, आणि तेही दरबार, फौज, जनाना, हत्ती-घोडे यांना. म्हणून तिथे जिकडे बघाल तिकडे तलाव, कुंड, बावड्या, टाकी आणि त्यांना जोडणारे पाट.

आता इतिहास, अगदी गरजेपुरता. परमारांच्या काळापासून इथे दुर्ग होताच, त्यांची राजधानी मात्र धारला. १३०५ मध्ये अलाउद्दीन खलजीच्या सरदाराने, ऐनुल्मुल्क मुलतानीने, माळवा दिल्लीला जोडला. पुढे १३९८ मध्ये तैमूरने दिल्ली लुटली, तुघलकांचा दरारा संपला आणि माळव्याचा सुभेदार दिलावरखान घोरी १४०१ मध्ये स्वतंत्र झाला. त्याचा मुलगा होशंगशाह याने राजधानी धारहून मांडवला आणली. शहराचं नाव ठेवलं होतं शादियाबाद, आनंदनगर म्हणा हवं तर. होशंग १४३५ मध्ये गेला. पुढच्याच वर्षी त्याच्या मुलाला विष घालून महमूद खलजीने गादी घेतली. हा गडी जन्मभर घोड्यावर होता: गुजरात, मेवाड, दख्खनचे बहमनी, सगळ्यांशी लढला. १४६९ मध्ये त्याचा मुलगा गियासुद्दीन आला आणि त्याने उलट टोक गाठलं. लढाया पुरे म्हणाला. त्याच्या जनान्यात पंधरा हजार बायका होत्या असं इतिहासकार फिरिश्ता लिहितो. आकडा कितपत धरायचा ते तुम्ही ठरवा, पण खाण्याची त्याची आवड मात्र कागदावर उतरलेली आहे. त्याच्यासाठी लिहायला घेतलेली ‘निमतनामा’ ही सचित्र पाकपोथी आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे, आणि तिच्यात सामोशांचे प्रकार आहेत.

मुलगा नासिरुद्दीन याने बापाला विष घातलं असा प्रवाद. त्यानंतर दोन पिढ्याही धड गेल्या नाहीत. १५३१ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहने मांडव घेतलं, चार वर्षांत हुमायून आला, मग शेरशाहची माणसं, त्यातून उभा राहिलेला बाजबहादूर, आणि १५६१ मध्ये अकबराचा सरदार अधमखान. साधारण सव्वाशे वर्षांची सुलतानी आणि पुढची तीस वर्षं धावपळ, एवढाच राजधानीचा खेळ.

ओस पडण्याचं कारण इथेच आहे. शाप नाही, रूपमतीचे तळतळाट नाहीत, साथ नाही. मांडव हे राजधानी म्हणूनच अर्थ असलेलं गाव होतं. डोंगरावर एवढी वस्ती का ठेवायची? तर सुलतानाला गुजरात, मेवाड आणि दख्खन यांच्या मधोमध सुरक्षित बसायचं होतं म्हणून. माळवा मोगलांचा एक सुभा झाला आणि ती गरजच संपली. सुभ्याचा कारभार उज्जैनला गेला. दख्खनच्या स्वाऱ्यांचं ठाणं तापीकाठी बऱ्हाणपूरला झालं. दोन्हीकडे नदी आहे, बाजार आहे, सपाट रस्ता आहे. मांडवला काय होतं? देखभाल मागणारे तलाव.

ही ‘देखभाल’ आपण फार हलक्यात घेतो. तलावात दरवर्षी गाळ येतो, तो उपसावा लागतो. पाटात झाड उगवतं, ते मुळासकट काढावं लागतं. पावसाआधी छतांची भोकं मोकळी करावी लागतात. हे काम करणारी माणसं पगारावर असतात, आणि पगार देणारा दरबार उठून गेला की पाच-सात पावसाळ्यांत पाणी आपली जुनी वाट धरतं. मग तलाव आटतात, उरलेली माणसंही खाली उतरतात, आणि त्यामुळे देखभाल आणखी कमी होते. शहर मरतं ते असं, एका रात्रीत नाही.

याचा साक्षीदार आहे. १६१७ च्या मार्चमध्ये जहांगीर आपला सगळा लवाजमा घेऊन मांडवला आला आणि ऑक्टोबरपर्यंत राहिला. त्याआधी अब्दुल करीम नावाच्या अधिकाऱ्याला पाठवून त्याने जुन्या इमारती दुरुस्त करून घेतल्या होत्या. खर्च तीन लाख रुपये, असं तो स्वतःच्या आठवणींत नोंदवतो. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो तेव्हा दरबाराबरोबर होता. त्याला राहायला मिळालं ते मशीद आणि कबर असलेलं एक पडकं आवार. त्याच्या नोंदींत दोन गोष्टी पुन्हा पुन्हा येतात: रात्री आवारात शिरणारी जनावरं आणि पाण्याची टंचाई. ज्या शहराने शंभर-सव्वाशे वर्षं दरबार पोसला, त्याच शहरात दरबार परत आला तर प्यायला पाणी पुरेना. पाऊस तेवढाच पडत होता, साठवण नादुरुस्त झाली होती. तीन लाख रुपये महालांवर गेले, तलावांवर किती गेले कोण जाणे. दुरुस्तीच्या कामात हे मी आजही बघतो. दर्शनी भागाला पैसा लगेच मिळतो, गटारीला मिळत नाही.

जहांगीर मात्र खूश होता. पावसाळ्यातल्या मांडवसारखी हवा नाही असं त्याने लिहिलंय. तलावांच्या काठाने आणि इमारतींवर दिवे लावून केलेल्या रोषणाईचं वर्णन आहे. नूरजहानने सहा गोळ्यांत चार वाघ मारल्याची नोंदही त्याच वर्षीची. नासिरुद्दीनच्या कबरीपाशी गेल्यावर बापाला मारणारा म्हणून त्याने तिला लाथ घातली आणि अवशेष उकरून नर्मदेत टाकायला लावले. आणि आपल्याशी थेट जोडलेली गोष्ट: मलिक अंबरला नमवून, अहमदनगर पदरात पाडून शाहजादा खुर्रम त्या ऑक्टोबरात मांडवला परतला, तेव्हा बापाने त्याला ‘शाहजहान’ हा किताब दिला. म्हणजे हे नाव मांडवचं.

बरं, इमारती.

सुरुवात जहाज महालापासून करा, सगळेच करतात, आणि ते बरोबरच आहे. एका बाजूला मुंज तलाव, दुसरीकडे कपूर तलाव, मधल्या पट्टीवर शंभर-सव्वाशे मीटर लांब आणि जेमतेम पंधरा मीटर रुंद अशी दुमजली इमारत. पाणी भरलेलं असलं की जहाजासारखी दिसते, फोटो सगळ्यांनी पाहिलेत. वडिलांना फोटोच्या जागी थांबवू नका, गच्चीवर न्या. जिना रुंद आणि बेताचा आहे, सावकाश चढता येईल. वर फरशीत कोरलेले पाण्याचे पाट आहेत, त्यांतला एक वेटोळा फिरत कुंडाकडे जातो. गाइड त्याला पाणी शुद्ध करण्याचं यंत्र म्हणतात. माझं मत असं की वळणांमुळे पाण्याचा वेग मोडतो, गाळ मागे राहतो आणि कुंडात पडणारं पाणी निवळ होतं. शिवाय ते धावताना दिसायला मजेचं आहे, हेही कारण कमी नाही. ज्याने जनान्यासाठी ही इमारत उभी केली त्याला दोन्ही हवं असणार. खालच्या मजल्यावरचं कासवाच्या आकाराचं कुंड म्हणून दाखवतात, तेही बघा.

तिथून उत्तरेला दोन मिनिटांवर चंपा बावडी. आपण बारव म्हणतो तीच जात, पण इथे विहिरीच्या पाण्याच्या पातळीला लागून तळघरातल्या खोल्या काढल्यात. एकीतून दुसरीत जाता येतं. उन्हाळ्यात वरची फरशी तापलेली असताना खाली अंगावर शहारा येतो. कुठलंही यंत्र नाही. पाण्यावरून येणारी हवा, जाड भिंती आणि वर मातीचं ओझं, एवढंच. बाजूला हमाम आहे. त्याच्या छताला चांदणीच्या आकाराची भोकं आहेत. त्यांतून उजेड खाली येतो, वाफ वर जाते.

मग हिंदोळा महाल. इथे मी वडिलांना अर्धा तास द्या म्हणेन. आराखडा टी या इंग्रजी अक्षरासारखा. लांब दालनावर पाच टोकदार कमानी आडव्या टाकल्यात, वरचं छत कधीच गेलंय, कमानी उभ्या आहेत. बाहेरून भिंती पायथ्याशी फुगलेल्या आणि वर निमुळत्या, जमिनीशी साधारण ७७ अंशांचा कोन. लोक म्हणतात की त्यामुळे इमारत झुलतेय असं वाटतं, म्हणून नाव हिंदोळा. वाटत असेल. मला ती मांडी ठोकून बसल्यासारखी वाटते. एवढ्या रुंद कमानीचा रेटा बाजूला, बाहेरच्या दिशेला जातो. तो पेलायचा तर भिंत जाड करा किंवा तिला तिरका टेकू द्या. इथे टेकू आणि भिंत एकच करून टाकलेत. उतरत्या भिंतींची ही रीत दिल्लीच्या तुघलकांकडून आली, आणि आणणारे साहजिकच होते, दिलावरखान त्यांचाच सुभेदार. पण दिल्लीत ती लष्करी, रुक्ष वाटते. इथे वरच्या आडव्या भागाला झरोके आणि कोरीव सज्जे देऊन माळव्याच्या कारागिरांनी तिला माणसात आणलं. छत पडल्यापासून पाऊस थेट आत पडतोय, तरी कमानी जागच्या हलल्या नाहीत. वडिलांना विचारा, त्यांच्या खात्याने बांधलेल्या किती इमारतींबद्दल हे म्हणता येईल! (गमतीने विचारा. माझ्या सासऱ्यांना विचारलं होतं, ते दिवसभर बोलले नाहीत.)

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या चौकात जा. जामी मशीद होशंगने सुरू केली, महमूद खलजीने १४५४ मध्ये पुरी केली. दमास्कसच्या मोठ्या मशिदीवरून स्फूर्ती घेतली असं म्हणतात. मला तिच्यातला साधेपणा आवडतो. उंच जोत्यावर चढून जायचं, दारावरच्या घुमटाखालून आत शिरायचं, आणि समोर मोकळं अंगण, तिन्ही बाजूंना कमानींच्या ओवऱ्या, पश्चिमेला नमाजाचं दालन. छतावर तीन मोठे घुमट आणि ५८ लहान. मिनार एकही नाही. माळव्याच्या मशिदींची हीच खूण आहे: मिनार नाही, त्याऐवजी उंच जोतं आणि पायऱ्यांचा मोठा जिना. जोत्याच्या पोटात खोल्या काढल्या आहेत, त्यामुळे जोतं भरावाचं राहत नाही आणि ओल धरत नाही. पायऱ्या मात्र बऱ्याच आहेत. वडिलांना एकच चढण झेपणार असेल तर ती इथे खर्च करा.

आता याच्या बरोब्बर समोर वळून बघा. तो अशरफी महाल. राण्यांनी जिने चढावेत म्हणून पायरीगणिक अशरफी दिली जायची वगैरे गोष्टी ऐकू येतील. माझ्या दृष्टीने मांडवची सर्वांत शिकण्यासारखी इमारत हीच, कारण ही पडली. मुळात इथे चौकाभोवती खोल्या असलेला मदरसा होता. महमूद खलजीने त्याचा चौक भरून काढला, वर प्रचंड चौथरा केला आणि त्यावर आपली संगमरवरी कबर उभारायला घेतली. एका कोपऱ्यातल्या बुरुजावर मेवाडच्या राणा कुंभावरच्या विजयाचा सात मजली मनोरा चढवला, साल १४४३. मजा अशी की चितोडला राणा कुंभाने याच महमूदवरच्या विजयाचा स्तंभ बांधला, तो १४४८ मध्ये पुरा झाला. वैर एक, जिंकले दोघेही! फरक एवढाच की चितोडचा स्तंभ आजही नऊ मजले उभा आहे आणि मांडवच्या मनोऱ्याचा तळचा भाग तेवढा उरलाय. कबरीच्या घुमटाचाही पत्ता नाही.

का पडलं? घाई. आधीच्या इमारतीवर, तिचा पाया नव्या वजनाला पुरेल की नाही हे न बघता चढवलेलं काम. त्यातून चौकातला भराव. भराव म्हणजे माती आणि डबर. त्यात पाणी मुरलं की तो जड होतो, फुगतो आणि बाजूच्या भिंतींना बाहेर ढकलतो. पाणी बाहेर काढायची वाट ठेवली नसेल तर दर पावसाळ्यात थोडं थोडं ढकलतो. समोरासमोरच्या या दोन इमारती, एकाच राजाच्या हातून झालेल्या. एक रस्ता ओलांडायचा आणि तुलना करायची. मी नव्या मुलांना कामावर घेतलं की आधी हेच दाखवायला न्यावं असं दरवेळी ठरवतो.

जामी मशिदीच्या मागे होशंगशाहची कबर. संगमरवरात बांधलेली भारतातली पहिली मोठी कबर म्हणून तिचं नाव घेतात. चौकोनी, बसका देह, वर मोठा घुमट, चार कोपऱ्यांना चार लहान घुमट्या. ताजमहालाची नाजूक उंची मनात घेऊन गेलात तर निराश व्हाल. हिचं वजन जाणवतं, आणि मला ते वजनच आवडतं. दाराच्या बाजूला एक लेख आहे, १६५९ चा. ताजमहालाशी ज्याचं नाव जोडलं जातं त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा लुत्फुल्ला, त्याच्याबरोबर उस्ताद हमीद, जादूराय आणि शिवराम हे कारागीर इथे येऊन गेल्याची ती नोंद आहे. सुलतानाच्या कबरीला सुलतान भेट देतात त्यात विशेष काही नाही. बांधणारे लोक दोन सव्वादोनशे वर्षांपूर्वीचं बांधकाम बघायला येतात आणि आपली नावं ठेवून जातात, हे मला फार जवळचं वाटतं. बाजूलाच धर्मशाळा म्हणतात ती लांब ओवरी आहे, सगळी खांब-तुळयांची.

आणि इथेच ‘हिंदू की इस्लामी’ या प्रश्नाला हात घालतो. सरळ सांगायचं तर सुरुवातीच्या इमारतींत, म्हणजे दिलावरखानाची १४०५ ची मशीद किंवा १४३२ ची मलिक मुगीसची मशीद, मोडलेल्या देवळांचे खांब वापरलेले दिसतात. ते झाकण्यात अर्थ नाही आणि त्यावरच सगळं मांडव संपवण्यातही नाही. पुढच्या पन्नास वर्षांत दगड नव्याने घडवलेला आहे, आराखडे नवे आहेत, पण हात त्याच परंपरेतले आहेत. कमान टाकली तरी तिच्याखाली ब्रॅकेटवर टेकलेली सपाट तुळई देण्याची सवय सुटत नाही. कमानीवर पूर्ण भरवसा नसल्यासारखं दोन्ही घालायचं! कमान, घुमट, चुना यांचं गणित बाहेरून आलं. खांब, तुळई, सज्जा, जाळी इथली. माळव्याची शैली म्हणतात ती ही सरमिसळ. तिला मी सल्तनतकालीन माळव्याची इस्लामी वास्तुकला म्हणतो, आणि हे म्हणताना कारागिरांना विसरत नाही.

रंगाबद्दल एक. आज मांडव करडं-तांबूस दिसतं, तसं ते नव्हतं. जहाज महालाच्या सज्जाखाली, दाईच्या महालाकडे, भग्न घुमटांच्या गळ्याला नीट बघितलंत तर निळ्या-हिरवट चकाकणाऱ्या फरशीचे तुकडे अजून सापडतात. चुन्याचा पांढराशुभ्र घोटीव गिलावा, त्यावर निळ्या पट्ट्या, खाली तलावात पडलेलं प्रतिबिंब, हे डोळ्यांपुढे आणा. गिलावा गेला म्हणून आपण दगडाच्या प्रेमात पडलो. बांधणाऱ्याने तो दगड दाखवायला ठेवलाच नव्हता.

चुन्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. वडिलांची पिढी सिमेंटची, त्यांच्याशी यावर वाद होईल. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगड होतो, त्याला वर्षं लागतात. त्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची पूड, घातली की तो ओलीतही धरतो. म्हणून टाक्यांना आणि हौदांना हाच गिलावा. तो भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंट देत नाही. सुरुवातीच्या काळात एका जुन्या वाड्याच्या कामावर (मांडवला नव्हे) वरिष्ठांच्या आग्रहाने आम्ही चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला. दिसायला झकास. दुसऱ्या पावसाळ्यानंतर भिंत आतून भुसभुशीत झाली आणि गिलाव्याचे पापुद्रे दरवाजाएवढे सुटून आले. गप्प बसलो ही चूक माझीच. तेव्हापासून कुठल्याही जुन्या इमारतीत गेलो की आधी सिमेंटचे डाग शोधतो. मांडवलाही जुन्या दुरुस्त्यांत ते दिसतील.

राहता राहिली रूपमती. बाजबहादूर आणि रूपमती दोघेही खरे. तो गाणारा होता, ती गाणारी होती. १५६१ मध्ये सारंगपूरपाशी अधमखानाने त्याचा पराभव केला, तो पळाला आणि तिने अधमखानाच्या हाती पडण्याऐवजी विष घेतलं. पण महाल त्यांच्यासाठी बांधलेले नाहीत. बाजबहादूरचा महाल म्हणतात त्याच्यावरचा लेख १५०८-०९ चा, म्हणजे नासिरुद्दीनच्या वेळचा. तो रेवाकुंडाशेजारी आहे. कुंडातलं पाणी उचलून महालात नेणाऱ्या पाटाच्या कमानी अजून दिसतात. रूपमतीचा मंडप तर मुळात कड्यावरची टेहळणीची चौकी, त्यावर दोन-तीन वेळा वाढवत नेलेलं काम. नर्मदेचं दर्शन घेतल्याशिवाय ती जेवत नसे, ही कथा निमाडातल्या नर्मदाभक्तीशी इतकी जुळते की ती खोटी ठरवायचा मला उत्साह नाही. इमारत मात्र त्या कथेच्या आधीची आहे.

मराठ्यांचं विचाराल तर तेही इथून गेले. १७२८ च्या नोव्हेंबरात चिमाजीअप्पा नर्मदा ओलांडून मांडवच्या घाटाने वर चढले आणि अमझेऱ्याच्या लढाईत मोगलांचा सुभेदार गिरिधरबहादूर आणि त्याच्याबरोबरचा दयाबहादूर दोघेही पडले. पुढे हा मुलूख धारच्या पवारांकडे आला. त्यांनीही राजधानी केली धारला. मांडवचा डोंगर त्यांच्या ताब्यात होता, पण त्यावर राहायचं कारण त्यांनाही दिसलं नाही.

आता बेत. धुळे-सेंधव्यावरून येणार असाल तर धामनोदनंतर घाट चढून या. इंदूरहून असाल तर धारवरून, शंभरेक किलोमीटर. दिवाळीनंतर तलावांत पाणी असतं, हिरवळ पुरती वाळलेली नसते, ही वेळ चांगली. पहिल्या दिवशी जहाज महालाचं आवार, एवढंच. दुसऱ्या सकाळी चौकातल्या तीन इमारती, दुपारी आराम. दाईचे महाल, लाल बंगला, दर्याखानाची कबर राहिली तर राहू द्या. नीलकंठ सोडू नका असं म्हणालो असतो, १५७४ मध्ये अकबराच्या सरदाराने बांधलेला तो महाल दरीच्या पोटात आहे, आता शिवाचं स्थान, आणि अंगणात पुन्हा तोच वेटोळा पाट आहे. पण पायऱ्या साठेक आहेत आणि परत वर यायचं असतं. तुम्ही जाऊन या, वडिलांना वर चहा मिळेल. रस्त्याकडेला पोट सुटलेली अवाढव्य झाडं दिसतील, ती आपली गोरखचिंच. तिकडे तिला मांडूची इमली म्हणतात. झाड मूळचं आफ्रिकेचं. व्यापाऱ्यांनी आणलं की हबशी पहारेकऱ्यांनी यावर वडील मुलगा वाद घालू शकता. जेवणात दाल-पानिये मागा, पानांत भाजलेले मक्याचे.

शेवटच्या संध्याकाळी रूपमती मंडपावर जाल तेव्हा वर सूर्यास्ताला गर्दी असेल. तिथे जाण्याआधी खालच्या कमानींच्या दालनात वळा. त्याच्या टोकाला एक खोल टाकं आहे, वरच्या गच्चीवरचं पावसाचं पाणी त्यात उतरवलेलं. कड्याच्या टोकावर, खाली एवढी नर्मदा दिसत असताना, पहाऱ्यावरच्या शिपायांची तहान त्या टाक्यावर भागायची. वडिलांना तिथेच बसवलंत तरी चालेल. गारवा असतो, आणि गच्चीवरून पाणी नेमकं कुठून खाली येतं ते शोधायला त्यांना वेळ लागेल.